हिंगाच्या डब्यातला चिनी चहा

डबा उघडला आणि हिंगाचा वास आला. मृणाल माझ्याकडे बघत राहिली, मी डब्याकडे. बाहेर तिचा नवरा अभिजित आणि त्याचे बॉस मिस्टर लिन जेवण आटोपून चहाची वाट बघत होते.

मी तेव्हा अमेरिकेत, नोव्हाय गावात लोकांच्या घरी जाऊन पार्टीचा स्वयंपाक करायचे. गाड्यांच्या कंपन्यांत ले-ऑफ चालू होते. अभिजितचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. ते रिन्यू करायचं की नाही, हे लिन यांच्या हातात. नोकरी गेली की व्हिसा गेला, म्हणजे चंबूगबाळं आवरून परत. म्हणून हे जेवण.

चहाही लिन यांनीच आठवडाभर आधी दिलेला. त्यांच्या गावच्या डोंगरातला हिरवा चहा. वसंत सुरू होताना फुटणारे कोवळे कोंब हातानं खुडून करतात. थोडाच होतो, दुकानात मिळत नाही. मृणालनं आपल्या बायका करतात तेच केलं. पाकीट फोडून स्टीलच्या डब्यात ओतला. तो डबा आधी हिंगाचा होता. घासला होता, पण हिंग जातो कुठे? आणि असला चहा शेजारचा वास ओढून घेतो, उघड्या दुधासारखा.

"काकू, संपला म्हणून सांगू?"

"आठवड्यात? घरात गाय पाळलीय का?"

"मग आलं, वेलदोडा, दूध घालून उकळू या. वास मरेल."

"आणि नवऱ्याची नोकरी?"

अभिजित आत आला. "अगं, ही इज वेटिंग!" त्यानं डबा हुंगला आणि स्टुलावर बसला. "गेलं कॉन्ट्रॅक्ट."

तेवढ्यात लिन स्वतःच दारात. चहा मीच करतो, म्हणाले. मृणाल आडवी आली. "नो नो, यू आर गेस्ट!" पाहुण्याला ओट्याशी उभं करायचं म्हणजे आपल्याकडे नामुष्की. ते पुढे, ही आडवी.

"मृणाल, बाजूला हो," मी म्हटलं आणि डबा त्यांच्या हातात दिला. आज ना उद्या कळणारच होतं.

त्यांनी हुंगला. थांबले. पुन्हा हुंगला. अभिजितच्या तोंडचं पाणी पळालं. लिन यांनी फक्त काचेचे ग्लास मागितले.

उकळलेलं पाणी त्यांनी जरा निवू दिलं. कढत पाण्यानं कोंब शिजतात, चहा कडू होतो. ग्लासात चिमूटभर पत्ती, वर पाणी, झाकण नाही. कोंब आधी तरंगले, मग उभ्या उभ्या खाली उतरले.

"आधी बघायचं, मग प्यायचं," लिन म्हणाले. दूध-साखर नाही. तळाशी थोडा उरला की त्याच पत्तीवर पुन्हा पाणी. पहिल्या घोटाला हिंगच होता. दुसऱ्या पाण्याला तो हटला आणि मागून कोवळ्या मक्यासारखी गोडी आली.

"माझ्या बायकोनं आमचा चहा सुक्या मासळीजवळ ठेवलाय," लिन म्हणाले.

अभिजित गरजेपेक्षा मोठ्यानं हसला. लिन हसले नाहीत. आणखी पाणी घालून ग्लासातल्या कोंबांकडे बघत बसले.

सोमवारी त्यांनी अभिजितच्या कॉन्ट्रॅक्टवर सही केली. पुढच्या महिन्यात त्यांचीच नोकरी गेली. जेवायला आले तेव्हाच त्यांना ते माहीत होतं, असं मागून कळलं. आम्ही ज्यांना भीत होतो, ते आमच्यापेक्षा जास्त धास्तावलेले होते.

चहावर कुणाची नोकरी ठरत नाही. तरी चहा आला त्या पाकिटातच ठेवावा.