सुईणीच्या हातावरचा डाग

गंगाक्कानं सातव्यांदा ‘न्हाई’ म्हटलं आणि मी रिपोर्टचा कागद पुढे ओढला.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. बिदरकडच्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी डॉक्टर होतो. गंगाक्का हळ्ळीखेडच्या बाजूची सुईण, पन्नाशीची. तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर रुपयाएवढा पांढरा डाग उठला होता. हा महारोग आहे का ते तपासून कळवावं, असा पाटलाचा अर्ज तहसीलमार्गे माझ्याकडे आला. महारोग ठरला तर तिला जिल्ह्याबाहेरच्या आश्रमात पाठवणार. आज या रोगावर चांगलं औषध आहे. तेव्हा नव्हतं, आणि गेलेली माणसं सहसा परतत नसत.

तपासणी सोपी असते. महारोगाचा डाग बधिर होतो, म्हणजे तिथं स्पर्श कळत नाही. रोग्यानं डोळे मिटायचे, आपण कापसाचं टोक डागाला लावायचं. कळलं तर त्यानं ‘व्हय’ म्हणायचं. गंगाक्का दर वेळी ‘न्हाई’च म्हणत होती.

दारात तहसीलचा पेशकार, म्हणजे कारकून, उभा होता. “रिपोर्ट हुआ क्या, डाक्टरसाब? तहसीलदारसाब दो दफा पूछे.”

“झालाच. फक्त सही राहिलीय.”

घाई मलाही होती, उगाच त्याच्यावर कशाला ढकलू? त्या घाईत निरोगी कातडीवर कापूस लावून बघायचा राहिला होता. खरं तर ते सगळ्यात आधी करायचं असतं. सही करता करता ते आठवलं आणि मी कापूस तिच्या गालाला लावला.

“न्हाई.”

कपाळाला लावला. “न्हाई.”

दंडाला हळूच टाचणी टोचली. पापणी थरथरली, तोंडातून मात्र ‘न्हाई’च.

मी तडकलो. “अक्का, सरकारी कामात चेष्टा करायलाव का? गालालाबी कळंना का तुमच्या?”

तिनं डोळे उघडले. मला वाटलं आता भांडेल. ती रडायला लागली. मी पेशकाराला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि दार लोटलं.

“कळतंय ना तुमाला? मग खोटं कामून सांगायलाव? गावाची भीती वाटायलीय का?”

“गावाचं काय न्हाई वो. म्याच सांगितलं पाटलाला, अर्ज लिवा म्हनून.”

इतका वेळ मी मनातल्या मनात गावाला शिव्या घालत बसलो होतो.

“लेकरू जल्मलं की पैला हात माझा लागतोय त्येला,” ती म्हणाली. “मी व्हय म्हनलं, तुमी सोडून दिलं, आन् उद्या कुन्या लेकराला हे लागलं तर? कळतंय असं वाटतंय मला. पर माझ्या वाटण्यावर इश्वास कसा ठेवू?”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चार महिने ती हाताला फडकं गुंडाळून हिंडत होती. जेवण ओसरीवर, एकटीनं. झोप नाही. सख्खी लेक बाळंत होत होती तेव्हाही ही दाराबाहेर बसून राहिली, नातवाला अजून शिवलेली नव्हती. एकदा विहिरीच्या काठावर बराच वेळ उभी होती, हे तिनं खाली बघत सांगितलं.

माझ्या पुस्तकात यावर काही नव्हतं. मी विचारलं, “पोटातलं लेकरू आडवं का उभं, हे कशानं वळखता?”

“बोटानं.”

“डोळ्यानं न्हाई?”

“डोळ्याला काय दिसतंय, डाक्टरसाब? बोटालाच कळतंय.”

“मग आता व्हय-न्हाई काय म्हनू नका. डोळे मिटा. कापूस जिथं लागंल तिथं डाव्या हाताचं बोट ठेवा.”

डागाच्या मधोमध कापूस लावला. तिचं बोट नेमकं तिथं आलं. कडेला लावला, बोट कडेला. मध्येच काहीच लावलं नाही, तर बोट जागचं हललं नाही. बारा वेळा केलं, एकदाही चूक नाही. महारोगात कोपराजवळची नस जाड होऊ शकते, तीही चाचपली. नेहमीसारखीच होती.

“अक्का, हे कोड हाय. कातडीचा रंग जातो, एवढंच. कुनाला लागत न्हाई. डाग जाईलच असंबी सांगत न्हाई. आता सांगा, कुनाच्या बोटानं कळलं हे?”

“माझ्याच,” ती म्हणाली आणि पदरात तोंड लपवून पुन्हा रडली. त्या रडण्यानं मात्र मला हायसं वाटलं. सही करून मोकळा झालो असतो, हा विचार आजही पाठ सोडत नाही.

नवा रिपोर्ट लिहून पेशकाराला दिला. गंगाक्कानं फडकं सोडलं, साबण मागितला आणि कोपरापर्यंत हात धुतले. “नातवाकडं जायलेय,” म्हणाली आणि निघालीसुद्धा.

तेव्हापासून डाग घेऊन आलेल्या माणसाला मी आधी झोप आणि जेवण विचारतो, कातडी नंतर. पाच मिनिटं जास्त जातात.

वर्षभरानं ती बाजारात भेटली. डाग मनगटापर्यंत आला होता. एकदा दाखवून जा म्हटलं, तर चालता चालताच म्हणाली, “सवड कुठं हाय, डाक्टरसाब? ह्या हप्त्यात तिघी बाळंत व्हायच्या हायत.”