उंदरायची डॉक्टरीन

माह्या देराच्या पोरीसारखं येडं मानूस साऱ्या भंडारा जिल्ह्यात हुडकून भेटनार नाई. लोकायच्या पोरी नागपूरले शिकाले जातेत अन् येतानी संत्राबर्फी आनतेत. ही रिकाम्या डब्ब्या आनते. कायले? तं मुतासाठी. दिवाळीनंतर आंधळगावात मंडईची जत्रा भरली, सारी भावकी घरी आली, अन् ही बाई दारात उभी. "काकाजी, चहा मंग, पहिले डब्बी भरा." एक चुलतदेर लाजून मागच्या दारानं पळाले, तं ही डब्बी घेऊन धानाच्या बांधीपर्यंत त्यायच्या मांगं!

डॉक्टर होनार म्हनते, पन औषध देत नाई. शेजारचे बुवा गुडघे दाखवाले आले, एकजन गाभन म्हैस घेऊन आला. ही साऱ्यायले सांगे, "मी तशी डॉक्टर नाई जी. गुर्द्याच्या, म्हंजे किडनीच्या रोगावर पीएचडी करून रायली. आमच्या घरचाच रोग, मायबापाकडून लेकराले लागनारा. त्याचं औषध उंदरायवर पाहून रायली."

बुवा म्हने, "आमी कोठीजवळ पिंजरे लावून मारतो, अन् तू गोळ्या देऊन जगवते?"

पन मानूस मनाचा मोठा. दुसऱ्या दिवशी पिंजराभर उंदीर घेऊन हजर. "ने माय, इकडं फुकटच हायेत." तिच्या उंदरायले जन्मताच आमच्या घरचा रोग रायते, हे चांगले धडधाकट, तिले काय कामाचे? तिनं सारे बांधावर सोडून देले. ज्याच्या बांधावर सोडले, त्यानं बुवाले देलेल्या शिव्या अर्ध्या गावानं आयकल्या.

तिच्या उंदरायले घरच्यायचीच नावं हायेत. एकाचं नाव मोठेबाबा. म्हंजे आमचे हे! फोनवर म्हने, "मोठीमाय, मोठेबाबानं आज माह्या बोटाले चावलं." मी डोक्यावर पदर घेतला, मंग आठवलं का उंदीर होय.

रोगाचं सांगतो. माह्या सासऱ्याच्या गुर्द्यात पान्याचे फोड झाले, ते गेले. आमचे हे मशिनीवर रक्त साफ करता करता गेले, केस काळेच होते. धानाचा रोवना अर्धा रायला होता, तो मीच उरकला. मंग देर गेला, हिचा बाप. आमच्याकडं शेतीत पोरीले हिस्सा कोनी देत नाई, हक्कसोडीवर सही घेतेत. मले वाटे, रोगही पोरायलेच जात असन.

एकदा मी तिले म्हटलं, "साऱ्यायच्या डब्ब्या भरते, तुई कोन भरली?"

हासली. "पहिले माहीच भरली, मोठीमाय. पोटाचा फोटोबी काढला. फोड माह्याही वाट्याले आले. ह्याचं हक्कसोड नाई होत." अन् वरून मलेच तांब्याभर पानी पाजलं.

मी रडली नाई. रडून कोनाचा गुर्दा बरा झाला? पन तवापासून फोन केला का मी पहिले उंदरायचीच तब्येत इचारतो. औषध त्यायले लागू पडलं तं हिलेही पडन, एवढं मले समजते.

परवा म्हने, "मोठीमाय, मोठेबाबा म्हातारे झाले. गोळ्या चालू हायेत, बसल्या जागी झोपतेत."

आमच्या घरात म्हातारा झालेला हा पहिलाच गडी. मी पदर सावरला अन् म्हटलं, "झोपू दे त्यायले. उठवू नको."