पिळा पडलेलं पोट आणि पालथा तांब्या

"ओमेंटमला पिळा पडलाय," सर्जन म्हणाले आणि सीटी स्कॅनच्या पडद्यावर त्यांनी बोट टेकवलं. ओमेंटम म्हणजे आतड्यांसमोर लोंबणारा चरबीचा पदर. तो स्वतःभोवतीच पिळला गेला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. याला ओमेंटल टॉर्शन म्हणतात. क्वचितच होतं, आणि दुखतं अगदी अपेंडिक्ससारखं.

मला आधी भीती वाटलीच नाही. हायसं वाटलं. माझं दुखणं खरं निघालं होतं.

कागलात आमच्या घरी ते कुणाला खरं वाटत नव्हतं. उजव्या बाजूला कळ आली तेव्हा मी शिलाई मशीनवर होते. सरळ उभं राहता येईना. नवरा म्हणाला, "रविवारचं मटण बाधलं असंल." माझ्या वाट्याला त्या मटणातला नुसता रस्सा आला होता!

सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. त्यांचं निदान ठरलेलं. "बेंबी सरकलीया. झोप की उताणी." बेंबीवर पेटता दिवा ठेवायचा, वर तांब्या पालथा घालायचा. दिवा विझला की तांब्या कातडी ओढून धरतो. गल्लीतल्या सगळ्या बायकांना हाच उपचार. तांब्या चिकटला आणि मी किंचाळले.

"नाटकं करू नगंस," आत्ती म्हणाल्या. मग त्यांनी पोट चोळलं. त्या चोळण्याचा राग अजून गेलेला नाही, आणि मला तो घालवायचाही नाही.

दुसऱ्या दिवशी जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोटाला हातही न लावता ॲसिडिटीची गोळी दिली. तापानं फणफणले, तेव्हा कुठे नवऱ्यानं कोल्हापूरला न्यायला गाडी काढली.

तिथं सर्जननी पोट दाबून बघितलं आणि लगेच स्कॅनला पाठवलं. दुर्बिणीतून ऑपरेशन करून काळा पडलेला तुकडा काढला.

"तांब्यामुळं पिळा पडला का?" मी नंतर विचारलं.

"नाही ताई. पण तुमचा वेळ गेला. अजून उशीर झाला असता तर आत पू झाला असता."

माझं ऐकून घेणारा तो पहिला माणूस. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

बायांनो, कळ थांबत नसेल तर घरच्यांच्या होकाराची वाट बघू नका. रिक्षा बोलवा आणि निघा.

गेल्या महिन्यात नवऱ्याच्या पोटात दुखलं. मी मुकाट्यानं दिवा आणि तांब्या आणून ठेवला.

"याड लागलंय काय तुला?" आत्ती ओरडल्या. "माझ्या पोराला आधी दवाखान्यात न्हे!"

नेलं. साधा गॅस होता.