पानांखालचं वाळूक

सुनेनं बाजारातून काकडीच्या जातीचं वाळूक आणलं. चिरताच त्याचा आंबूस, मातकट वास घरभर झाला. गुडघे नको म्हणत होते, तरी मी उठून चुलीपाशी गेले.

तेव्हा निजामी जाऊन तीन-चार वर्षं झाली असतील. झरीच्या रानात आश्विनातली कापसाची पहिली वेचणी चालली होती. मी नवी सून. सासूच्या आधी जेवायचं नाही, भूक लागली म्हणायचं तर मुळीच नाही. ऊन डोक्यावर आलं, पाठ भरून आली, कापसानं फुगलेली ओटी कमरेला ओढत होती. तेवढ्यात कापसात पसरलेल्या वेलाच्या पानांखाली एक पिवळं वाळूक दिसलं. मी तिथंच बसले, मुठीनं फोडलं आणि खाऊ लागले. उन्हानं कोमट, गोड. रस हनुवटीवरून ओटीतल्या पांढऱ्या कापसावर सांडला.

"काय खायलीस गं?" पुढं वेचणाऱ्या सासूबाई वळल्या.

लपवणार कुठं? "वाळूक. लय भूक लागली व्हती, आत्याबाई."

त्या आल्या, डागाळलेल्या कापसाकडं बघितलं आणि धपकन माझ्याशेजारी बसल्या. "दे की मग अर्धं."

त्या दिवसापासून त्या घरात माझा आवाज फुटला. त्यांनी मला माफ केलं, असंच मी इतकी वर्षं धरून चालले.

आज फोड हातात घेऊन सुनेला म्हटलं, "बस गं जराशी." ती लगेच बसली, कुणी म्हणायचीच वाट बघत असल्यासारखी. सासूबाईही अगदी तशाच बसल्या होत्या; भूक त्यांनाही लागली होती.