मोठे स्क्रू असं लिहिलेली डबी

मिनिटकाका म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचे घड्याळवाले. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू केली, म्हणून आपल्याला हे नाव पडलं असा त्यांचा समज होता. खरी गोष्ट वेगळी होती. गिऱ्हाईक समोर उभं असतानाच काका चिमटा खाली ठेवायचे, "एक मिनिट हं," म्हणायचे आणि मागच्या दाराने आत जायचे. ते मिनिट सहा-सात मिनिटांचं असायचं. गिऱ्हाइकाला वाटायचं, सुटा भाग शोधायला गेलेत. काका मोरीत भिंतीला हात टेकून उभे असायचे.

प्रोस्टेट वाढलं होतं. साठी ओलांडलेल्या पुरुषांत अर्ध्याअधिकांना होतं ते, त्यात लाजायचं काय, असं कुणीही म्हणेल. पण काकांनी आपल्या थोरल्या भावाची शेवटची दोन वर्षं पाहिली होती. कमरेला लघवीची पिशवी लावून भाऊ खुर्चीत बसायचा, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण आधी पिशवीकडे बघायचा, मग तोंडाकडे. तेव्हाच काकांनी ठरवलं, आपलं काही झालं तर झाकली मूठ सव्वा लाखाची.

म्हणून ते दूरच्या पेठेतल्या मूत्रविकाराच्या डॉक्टरांकडे एकटेच गेले. डॉक्टरांनी रोज रात्री जेवणानंतर घ्यायची एक कॅप्सूल दिली. कॅप्सूल चांगली होती, पंधरा दिवसांत धार मोकळी झाली. पण पाकीट घरी ठेवायचं कुठे? मुलगा कारखान्यात पाळ्या करायचा, त्याचं लक्ष नव्हतं. सुनेचं मात्र सगळीकडे लक्ष. ती दुकानात काउंटरला बसायची, सेल बदलायची, पट्टे लावायची, आणि प्रत्येक डबीवर स्वच्छ अक्षरात चिठ्ठी चिकटवायची. काकांनी डोकं चालवलं. सगळ्या कॅप्सूल पाकिटातून काढल्या, सुट्या भागांच्या एका पत्र्याच्या डबीत भरल्या आणि वर लिहिलं, 'मोठे स्क्रू'. मनगटी घड्याळाच्या दुकानात मोठे स्क्रू कुणाला लागतात! ती डबी कोण कशाला उघडेल? पाकिटं त्यांनी बारीक फाडून फेकून दिली. औषधासोबतचा घडीचा कागद तेवढा खणात राहिला.

असं दीड वर्ष चाललं. मग उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला.

उजवा डोळा म्हणजे काकांचा कामाचा डोळा. भिंग लावायचा तो, केसाएवढी स्प्रिंग बघायचा तो. डावा आपला चेहरे ओळखण्यापुरता. घड्याळातल्या इवल्या तोल-चक्राची टोकं धुक्यात गेल्यासारखी दिसायला लागली, तेव्हा काका मुकाट्याने डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. सून बरोबर होतीच. फॉर्म तिनेच भरला.

"बाबा, चालू औषधं विचारलीत."

"प्रेशरची गोळी. लिही."

"आणखी?"

"आणखी काय असणार? मी काय औषधाचं दुकान आहे?"

सून हसली आणि तेवढंच लिहिलं.

ऑपरेशनला आठवडा होता. एका दुपारी खणात काहीतरी शोधताना तो घडीचा कागद काकांच्या हाताला लागला. सून बँकेत गेली होती. सहज म्हणून त्यांनी भिंग लावलं. मुंगीएवढी अक्षरं, त्यात डोळा असा. पण एक ओळ त्यांना लागली, आणि काळजात धस्स झालं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर हे औषध घेत असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. खाली कारण होतं, डोळ्यातला बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ऑपरेशनच्या वेळी सैल पडू शकतो. ओळीचा पुढचा भाग घडीत विरला होता, तो काही वाचता आला नाही.

सैल पडदा! काकांना सैल स्प्रिंग ठाऊक होती. चिमट्याला धरवत नाही, धरायला जावं तर गुंतते, आणि एकदा वाकली की गेली. डोळा गेला तर दुकान गेलं, दुकान गेलं तर खुर्चीत बसायचं, आणि लोक येऊन बघणार.

आता सुनेला सांगायचं म्हणजे फॉर्म बदला, म्हणजे काय झालंय ते सांगा, म्हणजे डबी दाखवा. त्यापेक्षा काकांना सोपी वाट सुचली. कागदात 'घेत असल्याचं' म्हटलंय ना? मग घेऊच नये! घेतच नसलो तर सांगायचं काय? कॅप्सूल त्यांनी त्याच रात्री बंद केली. दुसऱ्याच्या घड्याळात न विचारता कुणी स्क्रूला हात लावला तर हेच काका त्याला फाडून खायचे.

तिसऱ्या दिवशी धार बारीक झाली. पाचव्या दिवशी थेंब. ऑपरेशनच्या सकाळी ओटीपोट ताठ झालं होतं आणि काका घामाने भिजले होते. सुनेला वाटलं, ऑपरेशनला घाबरलेत. ती म्हणाली, "बाबा, दहा मिनिटांचं काम असतं म्हणे." काकांनी मान हलवली. बोलायला तोंड उघडलं तर रडू फुटेल असं त्यांना वाटत होतं.

दवाखान्यात भिंतीशी खुर्च्यांची रांग होती. काकांच्या शेजारी मोटार चालवायला शिकवणारे एक मास्तर बसले होते. मोठ्या आवाजाचे, गमत्ये. "अहो, माझ्या शिकाऊ लोकांनी चार वेळा खांबाला गाडी घातली, मी नाही घाबरलो. डोळ्याला काय घाबरायचं!" पण हे मास्तर तासाभरात तीनदा उठून गेले होते. काकाही उठले होते. तिसऱ्यांदा दोघांची गाठ बाथरूमच्या दाराशी पडली. मास्तर बाहेर येत होते, काका आत जात होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही लगेच दुसरीकडे पाहिलं. चोराला चोर ओळखता येतो.

बाहुली मोठी करायचे थेंब घालायला नर्स पुन्हा आली. तिने काकांच्या डोळ्यात टॉर्च मारला, थांबली, पुन्हा मारला. "बाहुली म्हणावी तशी उघडत नाहीये, आजोबा. प्रोस्टेटसाठी काही औषध चालू आहे का?"

सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा तिचा आवाज होता. समोर सून होती. शेजारी मास्तर कान टवकारून बसले होते. काकांची पाचावर धारण बसली.

"नाही."

"तुम्हाला हो, मास्तर?"

मास्तरांनी एकदा काकांकडे पाहिलं. "छे छे! आपल्याला तसलं काही नाही."

मास्तर आधी आत गेले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं, पण त्यावरही पस्तीस झाली. एक नर्स पळत बाहेर आली, काहीतरी घेऊन पळत आत गेली. सुनेने विचारलं, "बाबा, तुमचे हात इतके गार का?" काकांनी हात काखेत दडवले.

मग त्यांचं नाव पुकारलं. टेबलावर आडवं केलं, तोंडावर हिरवं कापड आलं, डोळ्यापुरतं भोक. वर प्रखर दिवा. पोटात कळा येत होत्या आणि हलायचं नाही असं बजावलं होतं. डॉक्टरीणबाई वाकल्या. त्यांचा आवाज दमलेला होता. नर्सला त्या हळूच म्हणाल्या, "हाही डोळा तसाच दिसतोय. मघासारखा."

मघासारखा. काकांना पुढचं काही ऐकू आलं नाही. कापडाखाली त्यांना भावाची खुर्ची दिसली.

"एक मिनिट," काका म्हणाले.

"काय झालं, आजोबा?"

"एक मिनिट थांबा. मी खोटं बोललो. मी घेतो. दीड वर्ष घेतो. आठवड्यापूर्वी बंद केलं, आणि आता लघवीच होत नाहीये."

खोलीतलं सगळं थांबलं. कापड बाजूला झालं. डॉक्टरीणबाई रागावतील असं काकांना वाटलं होतं. त्या नुसत्या स्टुलावर बसल्या. "औषधाचं नाव?"

नाव! काकांनी पाकिटं फाडली होती. "पिवळी-केशरी आहे. 'मोठे स्क्रू'मध्ये आहे," ते म्हणाले, आणि स्वतःचं बोलणं ऐकून त्यांना हुंदका फुटला.

त्या दिवशी ऑपरेशन झालं नाही. सूनच त्यांना रिक्षात घालून मूत्रविकाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथे नळी घालून लघवी काढली, तेव्हा काकांना श्वास घेता आला. डॉक्टर मात्र बरसले, आणि सून शेजारी उभी राहून ऐकत होती. मनाने बंद करायचं नाही, मनाने चालूही करायचं नाही. डोळ्याचा, दाताचा, कुठलाही डॉक्टर असो, पाकीट नेऊन समोर ठेवायचं. सर्दीची गोळीसुद्धा दुकानातून विचारल्याशिवाय घ्यायची नाही, तीही लघवी अडवू शकते. "आणि बंद करून काय मिळवलंत? पूर्वी कधी घेतलं असेल तरी डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायचं असतं. कागदात छापलंय!" घडीत विरलेला भाग तो होता.

घरी येताना रिक्षात सुनेने काकांचा हात धरून ठेवला. मग म्हणाली, "बाबा, गेल्या महिन्यात भिंतीवरच्या घड्याळासाठी मी ती डबी उघडली होती. मला वाटलं, शक्तीची औषधं घेताय चोरून. मीही बोलले नाही." तिला रडू येत होतं आणि हसूही.

पंधरा दिवसांनी काकांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई या खेपेला तयारीत होत्या. पडदा सैल पडलाच, पण त्यांनी बाहुली धरून ठेवणारी बारीक कडी आधीच काढून ठेवली होती. काकांना स्प्रिंग पुन्हा दिसू लागली. औषधाचं पाकीट आता काउंटरच्या मागे, सुनेच्या अक्षरातल्या चिठ्ठीसह, सगळ्यांना दिसेल असं असतं.

महिन्याभराने एका दुपारी मास्तर दुकानात आले. काळा चष्मा, बरोबर मुलगी, तिच्या दंडाला धरलेलं. घड्याळाचा पट्टा बदलायचा होता. "या, मास्तर," म्हणून काकांनी खुर्ची पुढे केली. मास्तरांचा आवाज पूर्वीचा राहिला नव्हता.

"डोळ्यात नवं भिंग बसलंच नाही हो माझं," ते म्हणाले. "पडदा हाताला लागेना म्हणे डॉक्टरीणबाईंच्या. आता त्याच डोळ्याचं पुन्हा ऑपरेशन. दुसऱ्यातही मोतीबिंदूच. गाडी तर गेलीच." काकांच्या आवाजाच्या दिशेला त्यांनी तोंड केलं. "मीही घेत होतो."

काका म्हणाले, "मला माहीत होतं."

"मलाही तुमचं माहीत होतं. दाराशी भेटलो ना आपण." मास्तरांनी घड्याळ काउंटरवर चाचपत ठेवलं. "मी सांगणार होतो त्या नर्सला. ओठावर आलं होतं. पण तुम्ही आधी नाही म्हणालात."

काकांनी पट्ट्याची पिन काढायला भिंग लावलं. आता सगळं लख्ख दिसत होतं, पट्ट्याच्या भोकांची झिजलेली कडसुद्धा. पण पिन काही केल्या चिमट्यात येईना.