भुऱ्या म्हशीची जागा

आमच्या मधल्या खोलीत, कपाट आणि धाकट्या भावाची खाट यांच्यामध्ये, एक म्हैस उभी असे. ती दिसायला डोक्यावर यंत्र चढवावे लागे. आई मात्र यंत्र नसतानाही त्या जागेला वळसा घालून जाई.

यंत्र भावाने पुण्याहून आणले होते. कामगारांना शिकवण्यासाठी त्याच्या कंपनीने असे काही चष्मे घेतले होते. पुढचे, हलके आले तेव्हा जुन्यातला एक त्याने मागून घेतला. चष्मा म्हणायचा, पण वजन हेल्मेटसारखे. थोड्या वेळात नाकावर वळ उठत. कपाळाशी कॅमेरे, डोळ्यांपुढे काळसर काच, आणि अख्खा संगणक त्या पट्ट्यातच बसवलेला. वायर कुठेच नाही. काचेतून आपली खोली दिसतच राही आणि तिच्यात नसलेली वस्तूही उभी दिसे.

आईची म्हैस म्हातारी होऊन गेली होती. तिच्यानंतर आईने दुसरी बांधली नाही. भावाने कुठूनतरी संगणकातली तयार म्हैस मिळवली, आईला विचारून तिचे डावे शिंग वाकवले आणि ती खोलीत आणून उभी केली. मग आईच्या डोक्यावर यंत्र बसवून मागचा पट्टा आवळला.

"अरे, हे तं भुरी हाय! माही म्हैस काळी कुळकुळीत होती."

"माय, हे मशीन उजेडानं चित्र काढते. काळा उजेड कुठून आनू? काळं केलं का ते दिसतच नाही."

"इतके वर्सं पुन्याले राहून तुले काळा रंग नाही भेटला? आन् मांगचं धड कुठी गेलं हिचं?"

"मान फिरव हळूहळू. याची खिडकी लहान हाय."

आईने मान फिरवली. शेपूट आले तेव्हा शिंगे गेली. "म्हंजे तुकड्या-तुकड्यानं पायाची," ती म्हणाली. पण हसली. अंगठा आणि बोट हवेत जुळवले की यंत्राला आज्ञा कळते, हे त्याने तिला शिकवले. माझी चिमूट त्याला कधी कळे, कधी नाही. आईने भाजीत मीठ टाकावे तशी हवेत चिमूट केली आणि म्हशीने मान हलवली. आईने हात पुढे केला, तो म्हशीतून आरपार गेला.

दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा लावले, तर म्हैस त्याच जागी. मला नवल वाटले. भाऊ म्हणाला, "ताई, याले खोली वळखू येते. भितीचे पोपडे, खिळे, कॅलेंडर, खाट, हेच याच्या खुना. त्या पाहून ते जागा धरते. खुना पुसल्या तं म्हैस हरवली समज."

आईने हे मनावर घेतले. वर्ष संपले तरी जुने कॅलेंडर तिने उतरवू दिले नाही. नवे स्वयंपाकघरात लावले. दर दिवाळीला बाकी घराला चुना लागे, मधली खोली तशीच राही.

मागच्या वर्षी भाऊ पुण्यातल्या खोलीवर झोपेतच गेला. हृदय बंद पडले, एवढेच कळले. त्याला गावी, इंझोरीला आणले, इथेच सगळे केले. तेरवीच्या आधी काकांनी आणि भाऊबंदांनी घर हाती घेतले. घरातले माणूस गेले की आमच्याकडे चुना मारतात, गेलेल्याची खाट-गादी दान देतात. पंगतीला जागा हवी म्हणून कपाट ओसरीत काढले. आई भिंतीला टेकून बसली होती. मी पाहुण्यांना पाणी देत होते. मधली खोलीही पांढरी झाली. यंत्राची आठवण तेव्हा कोणाला असणार?

वर्षश्राद्ध जवळ आले तेव्हा आई म्हणाली, "मले एकडाव म्हैस पायाची हाय. त्यानं बांधली थे."

मी कारंज्याला कॉलेजात मराठी शिकवते. मला त्या यंत्रातले फार कळत नाही. रविवारी ते चार्जिंगला लावले. डोक्यावर चढवून मधल्या खोलीत उभी राहिले. फिकट रेषांची जाळी जमिनीवरून सरकत भिंतींवर गेली, आणि तिथे अडखळून तुटली. कोऱ्या पांढऱ्या भिंतीत धरण्यासारखे त्याला काहीच नव्हते.

"दिसली काय?"

"नाही वं माय."

आई उठली. ट्रंकेतून ते जुने कॅलेंडर काढले. चुना मारायच्या वेळी तिने ते उचलून ठेवले होते, हे मला तेव्हा कळले. खिळा होता साधारण तिथे ते टांगले. आम्ही दोघींनी कपाट ओढत आणून जागेवर लावले. राहिली खाट. ती भटजींकडे गेली होती. दिलेले दान परत कसे मागायचे? शेजारून एक खाट आणली, पण ती आखूड निघाली. मी पुन्हा यंत्र चढवले. पुन्हा जाळी, पुन्हा अडखळणे. शेवटी अक्षरे आली: ही जागा नवीन आहे, जुन्या जागा पुसून टाकायच्या का? मी हात खालीच ठेवला. चिमूट झाली नाही. थोड्या वेळाने बॅटरी संपली आणि काच नुसती काच राहिली.

मी आईला सगळे सांगितले. जुनी खोली यंत्राच्या पोटात अजून आहे, तिच्यात त्याची खाट आहे, म्हैस आहे. पण त्या खोलीत आता आपल्याला जाता येत नाही.

आईने यंत्र माझ्या हातून घेतले, पदराने पुसले. "राहू दे. गोठा बदलला का म्हैसबी पान्हा चोरते," ती म्हणाली आणि ते कपाटात ठेवून आली.

वर्षश्राद्धाला घर भरले. काकांनी खुर्ची ओढून नेमकी कपाटापुढे टाकली. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "भाऊजी, जरा तिकडं सरकून बसा."

"काहून? इथं काय हाय?"

मीच उठून खुर्ची भिंतीशी लावली.