माझ्या वाट्याला आलेला चीन

पन्नाशी उलटल्यावर मी विधीच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातले. नांदेडच्या परिसंवादासाठी विषयांच्या चिठ्ठ्या निघाल्या, तेव्हा माझ्या वाट्याला चीन आला: आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाविषयी त्या देशाची भूमिका. वर्गातल्या मुलींनी माझे सांत्वन केले.

भाषणाचे मी दोन भाग केले. पहिल्यात चीनचे म्हणणे शक्य तितक्या न्यायाने मांडायचे: युद्धातले मानवतेचे नियम त्याला मान्य आहेत, मात्र राज्याची संमती नसताना बाहेरच्या न्यायालयाने त्याच्या अंतर्गत संघर्षात हात घालू नये. दुसऱ्यात मला छळणारा एकच प्रश्न विचारायचा. रिक्षाला हाक मारतानाही जिचा आवाज फुटत नाही ती मी, केवळ त्या प्रश्नासाठी माईकसमोर उभी राहणार होते. भारतही त्या न्यायालयाचा सदस्य नाही, हे वाक्य मार्गदर्शकांनी वेळेअभावी गाळायला सांगितले.

लातूरहून निघून आदल्या दिवशी उमरीला थोरल्या जाऊबाईंकडे उतरले आणि सरावासाठी त्यांना भाषण ऐकवले. राज्य म्हणजे घर, न्यायालय म्हणजे गावचे पंच, असे सोपे करून सांगितले.

"खरं हाय की त्याचं," जाऊबाई म्हणाल्या. "घरचं भांडण घरात मिटवावं. पंच बसवायचे तर दोन्हीकडून होकार पाहिजे."

उदाहरण इतके चपखल वाटले, की मी ते भाषणातच घातले. तिथेच चुकले. सकाळच्या सत्रात चीनला धारेवर धरणारे ज्येष्ठ वकीलही घराचा उल्लेख येताच माना डोलावू लागले. कर्त्या पुरुषांनी भरलेल्या त्या सभागृहात टाळ्या थांबेनात, आणि टाळ्यांतच माझा वेळ संपला. अध्यक्षांनी घंटी वाजवली. माईक आभार मानणाऱ्यांकडे गेला. मी मात्र खाली बसले नाही.

"घरातला कर्ताच घरच्यांना मारत असेल," मी माईकशिवाय विचारले, "तर संमती त्याचीच मागायची का?"

मुद्दा मोलाचा आहे, पुढच्या सत्रात अवश्य घेऊ, असे अध्यक्ष आपुलकीने म्हणाले. पुढचे सत्र भोजनाचे होते. तिथे अनेकांनी चीनबद्दल माझे अभिनंदन केले.

भाषण ऐकायला जाऊबाई सोबत आल्या होत्या. परतताना मुदखेड मागे पडले, तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या.

"तुझा चीन लई पटला," मग त्या म्हणाल्या. "तेवढं शेवटचं बोलली नसतीस तर बरं झालं असतं."

जाऊबाई सभागृहात अगदी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या; म्हणजे माझा आवाज तिथवर पोचला होता.